पाला जाळू नका, माती विकत आणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यंतरी आपल्या रविवार पुरवणीत घरच्या बागेवर पूर्ण एक पान आलं होतं. फोटो छान होते, कुंड्यांचे रंग, लटकत्या टोपल्या, बाल्कनीत कोणती रोपं शोभतात वगैरे सगळं होतं आणि ते वाचून आमच्या बिल्डिंगमधल्या तिघीजणी त्याच संध्याकाळी नर्सरीत जाऊन आल्या, म्हणजे पेपरात आलेलं लोक मनावर घेतात हे नक्की. म्हणूनच हे पत्र लिहितीये. त्या पानात रोपांबद्दल भरपूर होतं पण ती रोपं ज्यात लावायची त्याबद्दल एकच वाक्य होतं, की चांगल्या प्रतीची माती वापरावी. आता ही चांगल्या प्रतीची माती येते कुठून ते कुणी सांगत नाही, आणि १४ वर्षं गच्चीवर बाग केल्यावर मला जे काही सांगायचंय ते सगळं तिथेच आहे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. सकाळी साडेसहाला खिडकी उघडली तर घरभर धूर. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मोठा पिंपळ आहे, दोन रेन ट्री आहेत आणि पुढे करंजांची रांग आहे, फेब्रुवारी-मार्चमध्ये रोज ढिगाने पाला पडतो आणि तो झाडून कोपऱ्यात गोळा करून पेटवून देतात. वरचा पाला वाळलेला असतो पण खालचा दवाने ओला, त्यामुळे तो धड पेटत नाही, दिवसभर नुसता धुमसत राहतो. आमच्या खालच्या मजल्यावर सहा वर्षांचा मुलगा आहे, त्याला दम्याचा त्रास आहे, त्या आठवड्यात त्याला दोनदा नेब्युलायझर लावायला लागला. आणि त्याच आठवड्यात आमच्याच बिल्डिंगमधल्या एका काकूंनी बागेसाठी लाल मातीची सहा पोती आणि कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याच्या विटा मागवल्या, तो टेम्पो त्या धुमसणाऱ्या ढिगाच्या शेजारीच येऊन उभा राहिला. मी गॅलरीतून बघत होते आणि मला खरंच रडू यायला लागलं, कारण जे विकत आणलं जात होतं त्याच्यापेक्षा चांगलं जे होतं ते शेजारी जळत होतं.

मी खाली जाऊन झाडणाऱ्या ताईंशी बोलले. त्यांना दोष द्यायचा नाहीये हे आधीच सांगते. त्या म्हणाल्या, ताई मी तरी काय करू, गाडीवाले हा पाला घेत नाहीत, ओल्यातही घेत नाहीत आणि सुक्यातही घेत नाहीत, रस्त्यावर ठेवला तर लोक ओरडतात. त्यांचं बरोबर होतं. घनकचऱ्याच्या सरकारी नियमांमध्ये कचरा रस्त्यावर, उघड्यावर जाळायला मनाई आहे आणि बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा साठवायचा असंही लिहिलंय, पण साठवून पुढे काय करायचं ते माहीत नसेल तर माणूस काडीच लावणार. आणि उत्तर इतकं सोपं आहे की ते पेपरात मोठ्या अक्षरात छापायला हवं. तो पाला कुंडीत भरा.

नवीन बाग करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की रोप आणायच्या आधी दोन महिने पाला गोळा करायला लागा. कोणाला हे पटत नाही, सगळ्यांना आधी गुलाब हवा असतो. पण मी स्वतः पहिल्या वर्षी ११ रोपं आणली होती त्यातली ९ गेली, आणि ती पाण्यावाचून गेली नाहीत, मातीवाचून गेली. नुसती माती भरलेली कुंडी दोन-तीन महिन्यांत विटेसारखी घट्ट होते, वरून पाणी घातलं की ते कडेकडेने खाली निघून जातं, मधला गोळा कोरडा राहतो आणि आपल्याला वाटतं आपण रोज पाणी घालतोय. किंवा उलट होतं, काळी माती असेल तर पाणी धरूनच ठेवते आणि मुळं कुजतात. आपल्याकडची काळी माती शेतात सोन्यासारखी, पण कुंडीत एकटी भरली तर ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा.

मी कुंडी कशी भरते ते सांगते. तळाला भोकं असायलाच पाहिजेत, प्लास्टिकची बादली किंवा रंगाचा डबा वापरत असाल तर तळापासून इंचभर वर बाजूलाही तीन-चार भोकं पाडा, म्हणजे तळाची भोकं बुजली तरी पाणी बाहेर पडतं आणि हवा पण आत जाते. भोकांवर नारळाच्या शेंड्यांचा दोन इंच थर. शेंड्या नसतील तर रसवंतीवाल्याकडून उसाचं चिपाड आणा, तो आनंदाने देतो, फक्त ते एकदा पाण्यातून काढून कडक वाळवा, नाहीतर गोडाला मुंग्या लागतात. त्यावर वाळलेला पाला, हाताने दाबून दाबून, अर्ध्या कुंडीपेक्षा जास्त. मग तयार कंपोस्ट किंवा शेणखताचा थर, आणि सगळ्यात वर फक्त दोन-तीन इंच माती, ती पण शेजारच्या बंद पडलेल्या कुंडीतली चालते, नवीन आणायची गरज नाही. हे सगळं पाणी मारून आठ-दहा दिवस ठेवून द्यायचं आणि मग लावायचं. पाला खाली बसत जातो, दोन महिन्यांत कुंडी चार बोटं रिकामी दिसायला लागते, तेव्हा वरून परत पाला आणि खत. असं करत करत वर्षभराने त्या कुंडीत जे तयार होतं ते काळं, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारं. ते एकदा हातात घेऊन बघा म्हणजे मी एवढं का लिहितीये ते कळेल.

एक चूक मात्र होते ती सांगायला हवी. नुसता कोरडा पाला भरून त्यात लगेच रोप लावलं तर रोप पिवळं पडतं, आणि मग लोक म्हणतात पाल्याने उष्णता होते. तसं नाहीये. पाला कुजवणारे जिवाणू कुजवताना नत्र म्हणजे नायट्रोजन ओढून घेतात आणि रोपाला कमी पडतं. म्हणून पाल्याबरोबर शेणखत, कंपोस्ट, नाहीतर शेणाचं पाणी हे पाहिजेच. मी अमृतजल करते, १० लिटर पाण्यात १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम काळा गूळ, तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ ढवळायचं आणि चौथ्या दिवशी एकास दहा पाणी मिसळून घालायचं. शहरात गोमूत्र-शेण मिळत नाही असं म्हणतात पण कुठल्याही गोठ्यावर बादली घेऊन गेलं की मिळतं, मला तरी कोणी नाही म्हटलेलं नाही.

ही काही माझी अक्कल नाही. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोलकर यांनी प्रयोग परिवार या आपल्या गटातून कितीतरी वर्षांपूर्वी हे शेतकऱ्यांना आणि शहरातल्या लोकांना शिकवलं, की सूर्यप्रकाश पानावर पडतो आणि पान ते अन्न बनवून ठेवतं, तेव्हा पान म्हणजे साठवलेलं ऊन आहे, ते वाया घालवू नका. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पोत्यांत आणि पिंपात उसाचं चिपाड भरून भाज्या, फळझाडं काढून दाखवली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या किचनच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ च्या सुमारास याच वाटेने बाग उभी केली, किचनचाच कचरा आणि पालापाचोळा वापरून. आणि आमच्या पुण्यात ब्राउन लीफ नावाचा उपक्रम चालतो, ज्यांच्याकडे पाला जास्त आहे आणि ज्यांना हवाय त्यांची गाठ घालून देतो. म्हणजे वाट मळलेली आहे, आपण नुसतं चालायचंय.

सगळा पाला सारखा नसतो हे मात्र अनुभवानेच कळतं. रेन ट्री, गुलमोहर, शिरीष यांची पानं बारीक, पटकन कुजतात, आणि रेन ट्री आणि करंज ही शेंगावर्गातली झाडं, त्यांच्या पाल्यात नत्र जास्त, त्यामुळे तो तर मी कुणाला सोडतच नाही. बदाम, आंबा, फणस, वड यांची पानं जाड आणि चिवट, ती तशीच टाकली तर सहा-आठ महिने तशीच राहतात, एकमेकांना चिकटून थर होतात आणि पाणी अडतं. ती पोत्यात भरायची, तोंड बांधायचं आणि पोत्यावर दहा मिनिटं पायाने तुडवायचं, छान चुरा होतो, आमच्याकडे सुट्टीत नातवंडं हे काम करतात. निलगिरीचा पाला शक्यतो घेऊ नका. रस्त्यावरचा पाला आणला की त्यातलं प्लास्टिक, गुटख्याच्या पुड्या निवडून काढायला लागतात, त्याला इलाज नाही.

ओल्या कचऱ्याचं खत घरात करायला लोक घाबरतात ते वासाला. वास येतो म्हणजे एकच, ओलं जास्त झालंय आणि पाला कमी पडलाय. भाजीची एक वाटी देठं-सालं तर दोन वाट्या चुरलेला पाला, हे प्रमाण डोक्यात ठेवलं की वास येत नाही. मूठभर उचलून दाबून बघा, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला घाला, काहीच आलं नाही तर पाणी शिंपडा. कल्चर म्हणून जे विकतात ते विरजणच आहे, त्याच्याऐवजी आंबट ताक किंवा जुन्या खताची दोन मुठी चालतात. दोन बादल्या ठेवा, एक भरत आली की ती झाकून ठेवायची आणि दुसरी सुरू करायची, दोन-अडीच महिन्यांत पहिली तयार. त्यात पांढरट-करड्या अळ्या दिसतील, त्या बघून आमच्या सूनबाईंनी पहिल्यांदा अख्खी बादली फेकून दिली होती, पण त्या कुणाला काही करत नाहीत, कचरा भराभर खातात आणि निघून जातात. तेलकट, मीठ घातलेलं शिजलेलं अन्न नको. अंड्याची टरफलं घालायची तर पूड करून. चहाची पावडर घालताना साखर-दूध धुऊन घ्या.

आणि ते कांद्याच्या सालीचं पाणी, केळ्याच्या सालीचं पाणी, तांदळाचं पाणी, रोज मोबाइलवर एक नवीन येतं. वाईट काही नाही त्यात, पण तीच सालं कंपोस्टमध्ये घातली तर जास्त उपयोग आहे, पाण्यात भिजवून बाटल्या भरत बसण्यात वेळ जातो आणि चिलटं होतात. राखेचं पण तसंच, आजी घालायची म्हणून आपण घालतो, पण आपल्याकडची माती बेसॉल्टच्या खडकातून आलेली, आधीच अल्कधर्मी, त्यात बोअरचं जड पाणी, त्यावर राख घातली की झाडाला लोह मिळेनासं होतं. मोगऱ्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील तर ते हेच. तिथे खताचा डोस वाढवून काही होत नाही, कंपोस्ट वाढवा आणि पावसाचं पाणी साठवून द्या. बरीच वर्षं बाग करणाऱ्यांकडून ही चूक जास्त होते असं मी बघितलंय, झाड नाराज दिसलं की खत, खत, खत, आणि मग कुंडीच्या कडेला पांढरा क्षार धरतो.

पाण्याचं सांगते. रोज सकाळी एक मग, असं घड्याळ लावून पाणी देऊ नका. बोट मातीत दोन पेरं घाला, ओलं लागलं तर सोडून द्या, कोरडं लागलं तर तळातून बाहेर येईपर्यंत घाला. मे महिन्यात वरून दोन-तीन इंच पाल्याचं पांघरूण घातलं तर माझ्या गच्चीवर दोन वेळचं पाणी एका वेळेवर येतं. पावसाळ्यात हेच पांघरूण पातळ करा, नाहीतर गोगलगायी लपतात. आणि कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा तरी रिकाम्या करून घासून पुसा. डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो, बाग करणाऱ्यांमुळे बिल्डिंगमध्ये डेंग्यू झाला असं होता कामा नये. गच्चीवर कुंड्या ठेवाल तर विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, स्लॅबवर थेट नको, गळतीची भांडणं तिथूनच सुरू होतात. पाल्याच्या कुंडीचा इथेही फायदा आहे, ती हलकी असते, ओल्या मातीची एक बादली आणि ओल्या पाल्याची एक बादली उचलून बघा.

ऊन मोजा. आमच्याकडे छान ऊन येतं असं सगळे म्हणतात, पण रविवारी घरी असताना दर तासाला बघून लिहून ठेवा. टोमॅटो, मिरची, वांगी, भेंडी यांना सहा तास तरी थेट ऊन लागतं, पालेभाजी तीन-चार तासांवर येते, आणि अळू, पुदिना, पानाचा ओवा त्याहून कमीत भागवतात. दक्षिणेच्या बाल्कनीत हिवाळ्यात ऊन आत येतं, कारण सूर्य खाली दक्षिणेला असतो. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्याही थोडा उत्तरेला जातो, तेव्हा तीच दक्षिणेची बाल्कनी सावलीत जाते, आणि लोक म्हणतात हिवाळ्यात एवढी फुललेली झाडं आता का रुसली. कुंड्यांची जागा वर्षातून दोनदा बदला, बस.

सुरुवात मेथीने करा. स्वयंपाकघरातल्या डब्यातली मेथी रात्रभर भिजवून पेरली की तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याच्या आत भाजी, नवीन माणसाला हुरूप येतो. धने पेरताना लाटण्याने हलके रगडून दोन फोडी करून पेरायचे, आणि आठ-दहा दिवस थांबायचं, चौथ्या दिवशी उकरून बघायचं नाही. एप्रिल-मेमध्ये कोथिंबिरीचा हट्ट करू नका, पटकन तुऱ्यावर येते, त्यापेक्षा माठ, राजगिरा, अंबाडी, चवळी लावा, त्यांना ऊन सोसतं. टोमॅटोचं रोप जूनमध्ये नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करा, कडक उन्हाळ्यात झाड हिरवंगार आणि फुलं गळतात, त्यात तुमचा दोष नसतो. जुनं बी असेल तर दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, कितींना मोड येतात ते बघा आणि मग पेरा. बी स्वतःचं धरायचं असेल तर देशी वाणाचं धरा, हायब्रीडचं पुढच्या वर्षी तसंच येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली ती गावठी बियाणं जपण्यासाठी, त्यांचं ते काम बघून मी माझ्या आईसारखं वालाचं आणि दुधीचं बी राखेत घालून ठेवायला लागले, राख माझ्याकडे आता तेवढ्यासाठीच असते.

दुधीवरून आठवलं, हे ज्यांचे वेल आधीपासून आहेत त्यांच्यासाठी. फुलं येतात पण फळ धरत नाही ही तक्रार मला दर श्रावणात कोणीतरी सांगतं. पहिली फुलं नराचीच असतात, ती गळणारच, मादीच्या फुलामागे इवलंसं फळ असतं ते ओळखा. मधमाश्या वरच्या मजल्यांवर कमी येतात म्हणून हाताने परागीकरण करायला लागतं, आणि इथे वेळेची गंमत आहे. लाल भोपळा, काकडी, घोसाळं यांची फुलं सकाळी उमलतात पण दुधी आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी. सगळीकडे सांगतात सकाळी करा, आणि लोक सकाळी उठून दुधीच्या मिटलेल्या फुलांवर कापूस फिरवत बसतात. दिवेलागणीला जा, नराचं फूल तोडून पाकळ्या मागे करा आणि मादीच्या मध्यभागी हलकेच टेकवा, चार दिवसांत कळतं. मी पहिल्यांदा असं केलं तेव्हा त्या एका वेलाने गणपतीपर्यंत ९ दुधी दिले आणि आख्ख्या मजल्यावर वाटले.

किडीसाठी दुकानातलं जहाल औषध लगेच मारू नका. मावा, पिठ्या ढेकूण दिसला की आधी पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवस रोज. मुंग्या बघा, त्या माव्याला जपतात, त्याच्या गोड चिकट द्रवासाठी, मुंग्यांची वाट बंद केली की निम्मं काम होतं. मग कडुनिंबाचं तेल एक लिटर पाण्याला ५ मिली, त्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब घालून चांगलं घुसळून, संध्याकाळी, पानाच्या खालून. उन्हात मारलं तर पानं करपतात. घरी करायचा असेल तर निंबोळी अर्क, ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून. मिरचीची पानं वर वळून गोळा झाली म्हणजे फुलकिडे आणि खाली वळली म्हणजे बहुधा कोळी, म्हणजे माइट नावाची बारीक कीड. जे झाड पार गेलंय ते काढून टाका, जीव तुटतो पण बाकीची वाचतात. लेडीबर्ड भुंगेऱ्याची अळी काळी-केशरी, मगरीसारखी दिसते, लोक तिला कीड समजून चिरडतात, ती माव्याचा फडशा पाडते, तिला हात लावू नका.

आणि कडीपत्त्यावर, लिंबावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, मोठी झाली की हिरवी होते. माझी विनंती आहे की दोन-चार फांद्या तिला खाऊ द्या. ती फुलपाखराची अळी आहे. आपलं राज्य फुलपाखरू, राणी पाकोळी म्हणजे ब्लू मॉरमॉन, त्याची अळी लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढते, २०१५ मध्ये महाराष्ट्राने ते राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलं आणि आपण त्याच्या अळ्या मारतोय. माझ्या लिंबावरून गेल्या भाद्रपदात एक निघालं, पंख वाळेपर्यंत ते तासभर झारीच्या दांड्यावर बसलं होतं आणि आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. कडीपत्ता परत फुटतो. हिवाळ्यात मात्र तो पिवळा पडून पानं गाळतो तेव्हा घाबरून पाणी वाढवू नका, झोपलेला असतो, पाणी कमी करा, फेब्रुवारीत शेंडे खुडा, भराभर फुटतो. मोगऱ्याचंही तसंच, डिसेंबर-जानेवारीत छाटून थोडे दिवस पाणी तोडायचं म्हणजे चैत्रात कळ्यांनी भरतो.

लिहायला लागलं की थांबवत नाही. पण मुख्य मुद्दा पाल्याचाच आहे, संपादकसाहेब. विकतची लाल माती कुठल्यातरी डोंगराच्या उतारावरून खरवडूनच आणलेली असते, आणि इंचभर माती तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. आपल्या २० कुंड्यांसाठी तिकडचा उतार उघडा पडतो आणि इकडे आपल्याच दारातल्या झाडांनी फुकट दिलेलं आपण जाळतो. मला हे सहन होत नाही. ज्यांना बाग करायची नाही त्यांनीही एवढं करावं, सोसायटीच्या कोपऱ्यात जाळीचा एक गोल पिंजरा उभा करावा, चार फूट उंच, त्यात पाला टाकत राहावं, महिन्यातून एकदा शेणाचं पाणी मारावं. आमच्याकडे मागच्या वर्षी दोन पिंजरे केले, सेक्रेटरींना आधी उंदरांची भीती वाटत होती, म्हणून नियम केला की त्यात अन्न टाकायचं नाही, नुसता पाला. पावसाळ्यानंतर निघालेलं खत सगळ्यांनी वाटून घेतलं. झाडणाऱ्या ताई आता पाला थेट पिंजऱ्यात आणून टाकतात, त्यांचाही धूर वाचला, त्यांनाच तो सगळ्यात जास्त खायला लागत होता.

आपल्याकडे एकच मागणं आहे. हवामानाच्या चौकटीशेजारी दर पंधरवड्याला चार ओळींची जागा द्या, या पंधरवड्यात काय पेरायचं, काय छाटायचं, कोणत्या झाडाचा पाला पडतोय. पुण्याचं वेगळं, नागपूरचं वेगळं, कोकणाचं वेगळं, कारण कोकणात जे जूनमध्ये लावतात ते नागपुरात तेव्हा लावून चालत नाही. लिहायला माणसं मिळतील, आपल्या कृषी विद्यापीठांतली मंडळी आहेत, गच्चीवर वर्षानुवर्षं बाग करणारे कितीतरी वाचक आहेत, मी स्वतः पुण्यापुरतं आनंदाने लिहीन, मानधन नको.

सध्या आमच्याकडे बदामाची पानं लाल होऊन पडायला लागलीयेत, पिंपळाचा पाला अजून महिनाभराने येईल. तुडवून चुरा केलेली सात पोती जिन्याखाली ठेवलीयेत, आजूबाजूच्या कुणालाही हवी असतील तर न्यावीत, फक्त रिकामी पोती परत आणून द्यावीत, ती पुढच्या पानगळीला लागतात.

आपली,
एक नियमित वाचक, सहकारनगर, पुणे